फेकायचं की पळायचं

नमस्कार मंडळी. मध्य न्यू जर्सीत अमेरिकन फुटबॉलवर बोलायचं म्हणजे अर्धी सभा न्यूयॉर्क जायंट्सची आणि अर्धी फिलाडेल्फिया ईगल्सची असणार, हे धरूनच मी आलोय. म्हणून ज्या माणसावरून या दोन गटांत हल्ली सगळ्यात जास्त वाद होतो, त्याच्यापासूनच सुरुवात करू. सॅक्वॉन बार्कली, चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक.

२०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, जायंट्सनी बार्कलीला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. २०२३ मध्ये करार वाढवायची वेळ आली तेव्हा क्लबनं क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, डॅनियल जोन्स याला चार वर्षांसाठी १६ कोटी डॉलर्सचा करार दिला आणि बार्कलीवर एका वर्षाचा फ्रँचायझ टॅग लावला, म्हणजे ठरलेल्या रकमेवर वर्षभर बांधून ठेवलं. पुढच्या वर्षी बार्कली फिलाडेल्फियाला गेला, नियमित हंगामात २००५ यार्ड पळाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्स सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकले. जोन्सला तर त्या हंगामाच्या मध्यावरच जायंट्सनी सोडून दिलं होतं. त्यामुळे आपल्याकडे घराघरांत एकच सूर लागला: बघा, पळणाराच जिंकून देतो! इतकी वर्षं पास-पास म्हणून डोकं खाणाऱ्यांनी आता गप्प बसावं.

मी आज याच्या उलट बाजू मांडणार आहे. बार्कलीचा खेळ मला मनापासून आवडतो, आणि तरीही सांगतो की व्यावसायिक फुटबॉलमध्ये सामना पासवर जिंकला जातो. पळून तो बहुतेक वेळा फक्त शेवटाला नेला जातो.

एका हंगामात दोन हजार यार्ड पळालेले खेळाडू घ्या. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या शंभरेक वर्षांत असे फक्त नऊ जण झाले. ओ. जे. सिम्पसन १९७३ मध्ये, तेव्हा तर हंगाम चौदाच सामन्यांचा होता. मग १९८४ मध्ये एरिक डिकर्सन, २१०५ यार्ड, हा विक्रम अजून तसाच आहे. त्यानंतर बॅरी सँडर्स, टेरेल डेव्हिस, जमाल लुईस, ख्रिस जॉन्सन, एड्रियन पीटरसन, डेरिक हेन्री आणि बार्कली. आता त्यांचे संघ त्या त्या वर्षी कुठवर गेले ते बघा. डेव्हिसचे ब्रॉन्कोज आणि बार्कलीचे ईगल्स विजेते झाले. उरलेल्या सात संघांपैकी एकालाही त्या हंगामात प्लेऑफचा, म्हणजे शेवटच्या बाद फेरीचा, एकसुद्धा सामना जिंकता आला नाही. सिम्पसनचे बिल्स आणि जॉन्सनचे टायटन्स प्लेऑफमध्ये पोचलेच नाहीत, बाकीचे पाच पहिल्याच सामन्यात बाहेर पडले. पीटरसननं २०१२ मध्ये २०९७ यार्ड काढले, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि ग्रीन बेनं मिनेसोटाला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. सँडर्ससारखा पळणारा मी तरी दुसरा पाहिला नाही. त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत डेट्रॉइटनं प्लेऑफमध्ये एकच सामना जिंकला.

आणि जे दोन संघ जिंकले, त्यांच्या अंतिम सामन्याकडे जरा जवळून बघा. डेव्हिसच्या वर्षी सुपर बोलचा मानकरी, म्हणजे सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू, ठरला क्वार्टरबॅक जॉन एल्वे, ३३६ यार्डांचे पास टाकून. ईगल्सच्या सामन्यात कॅन्सस सिटीनं सगळी ताकद बार्कलीला रोखण्यात घातली आणि रोखलंही: २५ वेळा चेंडू घेऊन ५७ यार्ड. पण माणसं पुढे ओढली गेली की मागे जागा मोकळी होते. ईगल्सचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सनं २२ पैकी १७ पास पूर्ण केले, २२१ यार्ड. तिसऱ्या क्वार्टरमध्ये डेव्हाँटा स्मिथला ४६ यार्डांचा पास गेला आणि फलक ३४-० झाला. मानकरी हर्ट्सच. दुसऱ्या बाजूला कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला ईगल्सच्या बचाव फळीनं सहा वेळा पाडलं. म्हणजे ईगल्सचा पास चालला आणि समोरच्याचा चालू दिला नाही. सामना तिथे जिंकला गेला.

हे असं का होतं ते आकड्यांत बघू. ज्यांना खेळ नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच: चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे, की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. पळून सरासरी मिळतात सव्वाचार ते साडेचार यार्ड. पास टाकायला गेलं तर वाया गेलेले पास आणि सॅकमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅक चेंडूसकट मागे पाडला गेल्यावर, गमावलेलं अंतर धरूनही सहाच्या वर. फरक जेमतेम दोन यार्डांचा. इथे कोणीही विचारेल, आणि विचारावंच, की तीन वेळा सव्वाचार म्हणजे पावणेतेरा होतात, मग नुसतं पळतच का राहू नये? कारण सरासरी फसवते. अधूनमधून कोणीतरी साठ यार्ड सुटतो, त्यानं ती फुगते. प्रत्यक्षात बऱ्याचशा धावा दोन-तीन यार्डांतच चिरडल्या जातात. पंच्याहत्तर यार्ड नुसतं पळून जायचं तर सतरा-अठरा प्रयत्न लागतील, आणि त्यात एक होल्डिंगची, म्हणजे समोरच्याला धरून ठेवल्याची, पेनल्टी, एक मागे पाडलेला खेळ किंवा एक सुटलेला चेंडू आला की सगळं मुसळ केरात. पास हे अंतर बाराएक प्रयत्नांत कापतो. जितके प्रयत्न कमी, तितक्या चुकांच्या जागा कमी.

पूर्वी हे गणित असं नव्हतं, आणि जुने कोच पळण्यावर विश्वास ठेवायचे ते काही अडाणी होते म्हणून नव्हे. १९०५ च्या हंगामात मैदानावर अठरा मृत्यू झाल्याची नोंद तेव्हाच्या वृत्तपत्रांनी केली. माणसांची भिंत करून एकमेकांवर आदळणं, हाच तेव्हाचा खेळ. थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं, आणि १९०६ मध्ये पुढे पास टाकायला परवानगी मिळाली. तीही नाखुशीनंच, पास चुकला तर जबर दंड होता. व्यावसायिक लीगमध्ये १९३३ पर्यंत पास टाकायला क्वार्टरबॅकनं खेळ सुरू होतो त्या रेषेच्या पाच यार्ड मागे असणं सक्तीचं होतं.

पुढची चाळीसेक वर्षं पास रेंगाळतच राहिला. १९७० च्या दशकाचा मधला काळ म्हणजे पळणाऱ्यांचं राज्य. १९७२ चे मायामी डॉल्फिन्स, सगळेच्या सगळे सामने जिंकून विजेते झालेला एकमेव संघ, त्यांचे दोन पळणारे हजार यार्डांपर्यंत पोचले, लॅरी झॉन्का आणि मर्क्युरी मॉरिस. त्यांच्या पुढच्या सुपर बोलमध्ये क्वार्टरबॅक बॉब ग्रीसीनं संपूर्ण सामन्यात सात पास टाकले. सात! झॉन्का १४५ यार्ड पळाला आणि मिनेसोटाचा २४-७ धुव्वा उडाला. त्या काळात हे शहाणपणाचंच होतं, कारण बचावपटू पास झेलणाऱ्या रिसीव्हरला मैदानभर ढकलू शकायचे, आणि शंभर पासांतले पाचाहून जास्त थेट शत्रूच्या हातात जायचे. जेमतेम निम्मे पूर्ण व्हायचे. पास टाकला की तीन गोष्टी घडू शकतात आणि त्यातल्या दोन वाईट असतात, हे जुन्या कोचांचं लाडकं वाक्य त्या आकड्यांना अगदी धरून होतं.

१९७७ मध्ये गुण इतके आटले की लीगला काळजी वाटू लागली. १९७८ ला दोन नियम बदलले. पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला हात लावायचा नाही, आणि क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या लाइनमनला हात लांब करून, पंजे उघडे ठेवून समोरच्याला थोपवता येईल. माझ्या मते या खेळाच्या इतिहासात याहून मोठा दिवस नाही. आज शंभरातले पासष्टच्या आसपास पास पूर्ण होतात आणि दोन-अडीचच चोरले जातात. जुन्या कोचांच्या त्या दोन वाईट गोष्टी उरल्यात, पण पार मलूल होऊन. वाक्य मात्र अजून तसंच्या तसं ऐकू येतं.

आता मला फार प्रिय असलेल्या एका माणसाबद्दल सांगतो. व्हर्जिल कार्टर. फारसं कोणी त्याचं नाव घेत नाही. हा १९७० मध्ये सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक झाला, कारण ग्रेग कुक नावाच्या तरुण क्वार्टरबॅकचा खांदा कामातून गेला. कुकचा हात तोफेसारखा होता. कार्टरला लांब फेकता यायचं नाही, पण नेम चांगला होता आणि डोकं त्याहून चांगलं. तिथला सहायक कोच बिल वॉल्श यानं विचार केला, की याला लांब फेकता येत नसेल तर आडवं फेकू. छोटे, वेळेवर सुटणारे पास, रिसीव्हर वळायच्या आत चेंडू त्याच्या हातात. जिथे चार यार्डांसाठी पळायचं तिथे सहा यार्डांचा पास. १९७१ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक टक्के पास पूर्ण केले ते कार्टरनं.

आणि हाच कार्टर त्याच सुमारास नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात व्यवस्थापन शिकत होता. रॉबर्ट मॅकॉल या प्राध्यापकांबरोबर त्यानं १९७१ मध्ये एक शोधनिबंध छापला. हंगामातले हजारो खेळ संगणकात घालून त्यांनी विचारलं: मैदानाच्या या जागी चेंडू हातात असणं किती गुणांचं आहे? यानंतरचे गुण सरासरी कोणाला मिळतात? आपल्याच गोलरेषेला चिकटून चेंडू मिळाला असेल तर उत्तर उणे येतं, म्हणजे चेंडू आपल्याकडे असूनही पुढचे गुण समोरच्याचे होण्याची शक्यता जास्त. प्रत्येक यार्डाची किंमत सारखी नसते, हे पहिल्यांदा कागदावर आलं. आज प्रत्येक संघात बसलेले विश्लेषक जे करतात त्याचं मूळ तिथे आहे. याच हिशेबानं बघितलं तर पहिल्या डाउनला, म्हणजे चारातल्या पहिल्या प्रयत्नाला, तीन यार्ड पळणं म्हणजे प्रगती वाटते, पण तुमची स्थिती आधीपेक्षा किंचित बिघडलेली असते. ती नुसती टिकवायलाही चारेक यार्ड लागतात.

वॉल्श पुढे सॅन फ्रान्सिस्कोला गेला. १९८१ च्या हंगामात त्याच्या फोर्टीनाइनर्सनी सुपर बोल जिंकला तेव्हा संघातला सगळ्यात जास्त पळालेला खेळाडू होता रिकी पॅटन, अख्ख्या हंगामात ५४३ यार्ड. जो मोंटाना आणि छोटे पास, एवढ्या भांडवलावर ते विजेतेपद आलं.

मग तुम्ही म्हणाल, जिंकणारे संघ जास्त पळालेले असतात हे तर आम्ही दर रविवारी बघतो. आमचा बॅक शंभर यार्ड पळाला की आम्ही जिंकतो, हे समालोचकसुद्धा सांगतात. आकडा खरा आहे. पण बघायचं ते हे, की ते यार्ड कधी आले. अमेरिकन फुटबॉलमध्ये पास चुकला की घड्याळ थांबतं. पळणारा मैदानाच्या आत पाडला गेला की ते चालू राहतं आणि पुढच्या खेळाआधी तब्बल चाळीस सेकंद खाता येतात. त्यामुळे सतरा गुणांनी पुढे असलेला संघ चौथ्या क्वार्टरमध्ये काय करेल? पळेल. मागे पडलेला काय करेल? फेकत सुटेल. सामना संपल्यावर आकडे वाचणाऱ्याला दिसतं, जिंकलेला संघ पस्तीस वेळा पळाला आणि हरलेला पन्नास वेळा फेकला. आणि तो म्हणतो, पळाले म्हणून जिंकले. पुढे गेले म्हणून पळाले, हे त्याला दिसतच नाही. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘फुटबॉल आउटसायडर्स’ या आकडेवारीच्या संकेतस्थळाचा जन्मच या गोंधळातून झाला. पेट्रियट्स पळण्यात जम बसवू शकले नाहीत म्हणून त्यांचा २००२ चा हंगाम फसला, असं बॉस्टनच्या एका क्रीडा पत्रकाराचं म्हणणं होतं. संकेतस्थळाचा संस्थापक ॲरन शॅट्झनं आकडे घेऊन ते तपासलं, आणि ते टिकलं नाही.

हा जम बसवण्याचा आग्रह आपल्या लोकांना ओळखीचा वाटेल. एकदिवसीय क्रिकेटमध्ये १९९६ पर्यंत सगळे म्हणायचे, आधी विकेट राखा, नजर बसू द्या, हाणामारी शेवटच्या दहा षटकांत. जयसूर्या आणि कालुविथरना यांनी पहिल्या पंधरा षटकांतच मारायला घेतलं, श्रीलंका विश्वचषक घेऊन गेली, आणि ती समजूत एका हंगामात म्हातारी झाली. फुटबॉलमध्ये मात्र ती अजून तग धरून आहे. आधी पळून बचावाला जेरीस आणा, मग पळण्याचं सोंग करून पास टाका, ज्याला प्ले-ॲक्शन म्हणतात. अलीकडच्या वर्षांत अनेकांनी तपासलं, की संघ किती वेळा पळाला यावर प्ले-ॲक्शनचं यश अवलंबून असतं का? तसा संबंध सापडत नाही. लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू, सोंगाला फसतो ते त्याच्या सवयीमुळे. पळण्याची शक्यता आहे एवढंच त्याला पुरतं, त्या दुपारी आधी तीस वेळा पळालेलं असण्याची गरज नसते.

पण पासवाल्यांनीही फार फुगू नये. नुसते ढीगभर पास टाकून कोणी जिंकत नाही. एका हंगामात पाच हजार यार्ड फेकणारे बघा. डॅन मरीनो १९८४ मध्ये पहिला, ५०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन (गोलरेषेपार पोचलेले पास), त्या काळी डोळे पांढरे करणारे आकडे. सुपर बोलमध्ये वॉल्शच्या फोर्टीनाइनर्सनी त्याच्या संघाला ३८-१६ हरवलं, आणि त्याला विजेतेपद कधीच मिळालं नाही. ड्रू ब्रीजनं पाच वेळा पाच हजार पार केले, पण न्यू ऑर्लिन्स विजेते झाले ते २००९ च्या हंगामात, ज्यात त्यानं ४३८८ च फेकले होते. त्या पाच हजारी हंगामात विजेता झाला असा क्वार्टरबॅक एकच, २०२२ चा महोम्स. सगळ्यात बोलका दाखला टँपा बेचा आहे. २०१९ मध्ये जेमिस विन्स्टननं ५१०९ यार्ड फेकले, ३३ टचडाउन दिले आणि ३० इंटरसेप्शन, म्हणजे चोरले गेलेले पास. संघ सात सामने जिंकला, नऊ हरला. पुढच्या वर्षी त्याच संघात, बऱ्याचशा त्याच रिसीव्हरांबरोबर, टॉम ब्रेडी आला. यार्ड कमी, ४६३३. इंटरसेप्शन १२. आणि सुपर बोल ३१-९. दर प्रयत्नाला किती यार्ड आणि किती वेळा चेंडू गमावला, या दोन गोष्टींत पासची सगळी किंमत आली. एकूण यार्ड बऱ्याचदा एवढंच सांगतात, की बिचारा दिवसभर मागे पडलेला होता.

आणि काही जागा अशा आहेत जिथे पळणंच शहाणपणाचं. तिसऱ्या डाउनला एक यार्ड हवा असेल तर पळा. ईगल्सची ती ढकलगाडी, टश पुश, हे त्याचं टोक. हर्ट्स चेंडू घेतो, मागून दोघं तिघं ढकलतात, आणि यार्ड मिळतोच. ती बंद करायचा प्रस्ताव मे २०२५ मध्ये मालकांपुढे आला, २२ मतं मिळाली, लागत होती २४. ते दोन मतांनी वाचले याचा आनंद इथे कोणाकोणाला झाला ते दिसतंय मला.

गोलरेषेचा विषय निघाला की सिॲटलचं नाव येणारच. १ फेब्रुवारी २०१५, ग्लेंडेल. पेट्रियट्स २८-२४ पुढे, चेंडू एक यार्डावर, दुसरा डाउन, २६ सेकंद, सिॲटलकडे एक टाइमआउट आणि मागे उभा त्यांचा दांडगा रनिंग बॅक मार्शॉन लिंच. सिॲटलचे तेव्हाचे कोच पीट कॅरल यांनी पास सांगितला, पेट्रियट्सचा माल्कम बटलर रिसीव्हरच्या पुढे घुसला, आणि सगळं संपलं. तेव्हापासून हा इतिहासातला सर्वात मूर्ख निर्णय म्हणून सांगितला जातो. मला तो मूर्ख वाटत नाही. पळून लिंच अडला असता तर एकुलता टाइमआउट तिथेच खर्च झाला असता आणि पुढचा प्रयत्न पासच करावा लागला असता, तोही पेट्रियट्सना आधीच कळलेला. पास चुकला तर घड्याळ आपोआप थांबतं आणि उरलेले दोन्ही प्रयत्न हातात राहतात. त्या हंगामात त्या क्षणापर्यंत एक यार्डावरून शंभराहून जास्त पास टाकले गेले होते आणि एकही चोरला गेला नव्हता. पेट्रियट्सनी तीन कॉर्नरबॅक (रिसीव्हरवर राहणारे बचावपटू) मैदानात आणले होते, त्यातल्या ब्राउनरनं समोरच्या रिसीव्हरला जागीच खिळवलं, आणि हा डाव सरावात पाहिलेला बटलर विजेसारखा निघाला. श्रेय बटलरचं आहे. कॅरल यांना गेली इतकी वर्षं जे बोललं जातं ते अन्यायाचं आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता अलीकडचं. पासनं इतकं नुकसान केलं की बचाव फळ्यांनी दोन सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) खोल उभे करायला सुरुवात केली. व्हिक फँजिओ हे त्या पद्धतीचे गुरू, आणि ईगल्सच्या त्या विजेत्या बचावाचे कोचही तेच. लांब पास मिळेनासे झाले, पुढे माणसं कमी झाली, आणि पळण्याला पुन्हा भाव आला. २०२४ मध्ये ईगल्स पासपेक्षा जास्त वेळा पळाले. पण त्याचं कारणच हे, की समोरच्या कोचाला झोप पासच्या भीतीनं लागत नव्हती.

यात जीव जातो तो पळणाऱ्यांचा. २०२३ मध्ये क्वार्टरबॅकचा फ्रँचायझ टॅग होता ३ कोटी २४ लाख डॉलर्सचा, रनिंग बॅकचा १ कोटीच्या थोडा वर. दर खेळाला तीनशे पौंडांची माणसं अंगावर घेणाऱ्यांना, पंचविशी-सत्ताविशी उलटली की बाजारात विचारत नाहीत. मी मांडलेलं गणित संघांना कळलं तेव्हा त्याची झळ पहिली यांना बसली, आणि हे मला बोचतं. पहिल्या करारातच या मुलांना अधिक पैसे मिळण्याची काहीतरी वेगळी सोय लीगनं आणि खेळाडू संघटनेनं करायला हवी. त्यांची सगळ्यात चांगली वर्षं तीच असतात.

येत्या रविवारी सामना बघताना एक करा. मध्यंतराला पडद्यावर एकूण पळालेले यार्ड दाखवतील, तिकडे दुर्लक्ष करा. दोन्ही संघांचे पासचे यार्ड घ्या, त्यातून सॅकमध्ये गेलेले वजा करा आणि सॅक धरून जेवढे प्रयत्न झाले त्यानं भागा. दोन आकडे येतील. कोण पुढे आहे ते फलक न बघता मुलांना ओळखायला सांगा. आता प्रश्न घेऊ. पहिला जायंट्सवाल्यांचा, त्यांना बरंच बोलायचंय असं दिसतंय.